कोल्हापूर, गारगोटी, मुरगूड : हुतात्म्यांच्या गावांतून

शुक्रवार : बिंदू चौक ते शिवाजी चौक

हुतात्म्यांची स्मारके पाहायची असतील तर हुतात्मा दिन टाळून जावे, असे माझे मत आहे. त्या दिवशी चौथरा धुतलेला असतो, हारांखाली दगड झाकलेला असतो आणि ध्वनिक्षेपकावरून जे ऐकू येते ते सगळीकडे सारखेच असते. एरवीच्या दिवशी मात्र त्या जागेचे गावाशी काय नाते उरले आहे, ते पाहायला मिळते. म्हणून १३ डिसेंबरचा गारगोटीचा हुतात्मा दिन उलटून गेल्यावर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा २० फेब्रुवारीचा स्मृतिदिन यायच्या आधी, जानेवारीतला एक साधा शुक्रवार धरून मी पुण्याहून निघाले. कोल्हापुरात माझी थोरली बहीण असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत. ते सोबत येणार म्हटल्यावर वाटाड्याची चिंता नव्हती. वादाची होती, आणि ती पहिल्याच संध्याकाळी खरी ठरली.

बिंदू चौक ही कोल्हापूरची बोलण्याची जागा आहे. या शहरात एका पुढाऱ्याने दुसऱ्यावर आरोप केला की उत्तर ठरलेले असते : ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या.’ एका बाजूला जुन्या तटबंदीचा बुरूज आणि त्याला लागून असलेला तुरुंग, दुसऱ्या बाजूला अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या, आणि मध्ये हुतात्मा स्तंभ व महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे. हे पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. त्या वेळी बाबासाहेब हयात होते. जिवंत माणसाचा पुतळा चौकात उभा करणे एरवी खुशामतीचे लक्षण ठरते. पण संस्थान विलीन होऊन पुरती दोन वर्षेही झालेली नसताना कोल्हापूरकरांनी राजाऐवजी या दोघांना चौकात आणले, ही गोष्ट मला त्या पुतळ्यांच्या शिल्पापेक्षा अधिक मोलाची वाटते.

हुतात्मा स्तंभाशी थांबलो तेव्हा भावोजींनी संस्थानी चळवळीची उजळणी करून दिली. ब्रिटिश मुलखात काँग्रेस जे काम करत होती ते कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषदेने केले. १९३९ साली जयसिंगपूरला तिची स्थापना झाली आणि माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार हे तिचे पुढारी होते. १९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर अज्ञान बालक होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. म्हणजे इथल्या कार्यकर्त्याला एकाच वेळी दोन सरकारांशी लढायचे होते, आणि त्यांतले एक शिवछत्रपतींच्या घराण्याचे होते. ही अडचण आपण पुण्या-मुंबईकडचे लोक सहसा ध्यानात घेत नाही. इंग्रजाला परका म्हणणे सोपे. इथे समोर बंदूक घेऊन उभा राहणारा शिपाई संस्थानचा होता.

तिथून चालत शिवाजी चौकात गेलो. आज जिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तिथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला, पुढच्या वर्षी इतर क्रांतिकारकांनी तो फोडला आणि १९४५ साली चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांच्या पुढाकाराने महाराजांचा पुतळा बसवला गेला. ही कथा कोल्हापुरात कुणालाही विचारावी. पानपट्टीवालाही ती रंगवून सांगतो.

तिचा पुढचा भाग मात्र कुणी आपणहून सांगत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण होता एवढ्यावरून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने जाळले गेले. त्याच लाटेत, ज्यांच्या पुढाकाराने हा पुतळा उभा राहिला त्या भालजींचा जयप्रभा स्टुडिओही कोल्हापुरात जाळला गेला. पुतळा बसवल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. मी भावोजींना विचारले की या जाळपोळीची आठवण म्हणून शहरात साधी पाटी तरी कुठे आहे का. त्यांनी नाही म्हणून सांगितले आणि वर जोडले, ‘ती मागायला कोण येणार? ज्यांची घरे गेली ते पुण्या-मुंबईला गेले. जे राहिले त्यांना त्याच गल्लीत जगायचे होते.’ मी म्हटले की मग स्मारक होण्यासाठी मेलेल्या माणसाइतकाच मागणारा माणूसही लागतो. ‘लागतोच की,’ ते म्हणाले, ‘त्यात आश्चर्य काय? आमच्या शाळेचा सभामंडपसुद्धा मागितल्याशिवाय झाला नाही.’ वादाला तोंड फुटले ते इथे, आणि रात्री ताटावर बसेपर्यंत तो चालला. त्यांचे म्हणणे असे की, लढून मेलेला आणि दंगलीत सापडलेला यांत फरक करायला हवा. स्मारक हे पराक्रमाचे असते. माझे म्हणणे असे की, राजकारणापायी ज्याचा जीव किंवा घरदार गेले त्याची नोंद सार्वजनिक जागी असायला पराक्रमाची अट घालू नये. बहिणीने दोघांना भाकरी वाढली आणि सकाळी लवकर उठायचे असल्याचे सांगितले.

शनिवार : गारगोटी आणि भुदरगड

कोल्हापूर ते गारगोटी अंतर सुमारे ५० किलोमीटर. कळंबा सोडले की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. जानेवारीत तोड जोरात असते. त्यामुळे आमची एस.टी. बिद्रीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागून जवळजवळ पावलांच्या गतीने गेली. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याची चिमणी दिसली की बिद्री आले असे समजावे. पुढे मुदाळ तिट्टा. इथून एक फाटा आदमापूर, मुरगूडवरून निपाणीकडे जातो. याच मुदाळला हुतात्मा स्वामी-वारके सहकारी सूतगिरणी आहे. बसमधल्या शेजारच्या बाईंनी ‘आमचा थोरला वारकेत हाय’ असे सांगितले, तेव्हा तो गिरणीत कामाला आहे हे मला क्षणभराने उमगले.

स्वामी आणि वारके हे दोघे वेगळे. करवीरय्या स्वामी कापशीचे आणि नारायण वारके कलनाकवाडीचे. त्यांच्याबरोबर तुकाराम भारमल, शंकरराव इंगळे, मल्लू चौगुले, बळवंत जबडे आणि परशुराम साळुंखे असे एकूण सात जण १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवरील हल्ल्यात मारले गेले. कचेरी म्हणजे संस्थानच्या महालाचे, तालुक्यासारख्या विभागाचे, ठाणे : खजिना, कागदपत्रे, कोठडी आणि पहाऱ्यावरची हत्यारे, सगळे एका आवारात. चळवळीला पैसा हवा होता आणि त्याहून अधिक बंदुका. पत्री सरकारचा कारभार साताऱ्याकडे आकार घेण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. भूमिगतांकडे धाडस होते, हत्यारे थोडी होती आणि रात्रीच्या अशा मोहिमेचा सराव त्याहून थोडा. पहाऱ्यावरच्या पोलिसांनी गोळीबार केला. खेड्यापाड्यांतली, शेतीभातीच्या घरांतली ही माणसे होती, एवढे लक्षात घेतले की त्या रात्रीचा हिशेब समजतो.

गारगोटी हे वेदगंगेच्या काठचे तालुक्याचे गाव. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग म्हणून उभारलेल्या मौनी विद्यापीठामुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. एस.टी. स्टँडवर उतरून कचेरीची वाट विचारली तर एका वृद्ध गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, ‘जुनी का नवी? नव्या कचेरीत दाखले मिळत्यात. तुम्ही दाखल्याला आल्यासारखं वाटत नाही, पावनं.’ मग ते स्वतःच थोडे अंतर आमच्याबरोबर आले. त्यांचा जन्म हल्ल्यानंतरचा. पण वडिलांकडून ऐकलेले त्यांनी सांगितले : दुसऱ्या दिवशी गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढे कित्येक महिने नातलग म्हणून कुणी तोंड उघडत नव्हते, कारण तोंड उघडले की चौकशी दारात. आज हुतात्म्यांचे नातेवाईक म्हणून सत्कार होतात. त्या वेळी ते नाते लपवावे लागत होते.

हुतात्म्यांच्या नावांपाशी आम्ही बराच वेळ काढला. आपल्याकडील हुतात्मा स्मारकांची एक ठरलेली रीत आहे. १९८० च्या सुमारास बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना शासनाने राज्यभर दोनशेच्या आसपास हुतात्मा स्मारके बांधायला घेतली, तेव्हा ती रीत आणखी पक्की झाली : नाव, गाव, तारीख आणि वर एखादी ओजस्वी ओळ. माणूस मेला कसा हे कळते, कशासाठी मेला हे कळते, पण गोळी कोणी झाडली, हुकूम कोणी दिला, त्या अधिकाऱ्याचे पुढे काय झाले, यांतले काहीही कळत नाही. ‘इंग्रजांच्या गोळीने’ असे आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. गारगोटीत तसे म्हणताही येत नाही, कारण ठाणे कोल्हापूर संस्थानचे होते. १ मार्च १९४९ रोजी हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याचे नोकर नव्या राज्याच्या चाकरीत आले. ज्या प्रजा परिषदेचे लोक भूमिगत होऊन रानोमाळ फिरत होते, त्यांतले रत्नाप्पा कुंभार संविधान सभेत बसले. एका बाजूचे पुढारी आणि दुसऱ्या बाजूचे शिपाई एकाच सरकारात आल्यावर जुने प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि कदाचित इच्छाही नव्हती. याला मी लबाडी म्हणणार नाही. नवे राज्य चालवायचे तर असे बरेच काही गिळावे लागते. फक्त ते गिळलेले असते, हे माहीत असावे.

दुपारी जीप करून भुदरगडावर गेलो. गडाविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे पाहण्यासारखे आहे ते भैरवनाथाचे देऊळ आणि मोठे तळे, आणि मी ज्यासाठी गेले होते ते तिथे नव्हते. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ले राखणाऱ्या वतनदारांचे, बंड झाले. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कारभाराने वंशपरंपरागत वतनांना हात घातला तेव्हा सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले, बंड पन्हाळ्यापर्यंत पोहोचले आणि इंग्रजी फौजेने तोफा लावून एकेक गड घेतला. या तटबंदीत किती माणसे पडली असतील! त्यांच्या नावाचा एकही दगड मला आढळला नाही. भावोजींनी शुक्रवारचा धागा उचलला आणि म्हणाले, ‘आता हे तर लढून मेलेले. तरी स्मारक नाहीच. म्हणजे तुमचं बरोबर आणि माझंही बरोबर.’ हे गणित मला अजून सुटलेले नाही.

रविवार : मुरगूड आणि कापशी

मुरगूड हे तुकाराम भारमल यांचे गाव. इथे हुतात्मा तुकाराम चौक आहे आणि हुतात्मा तुकाराम वाचनालयही आहे. चौकाला दिलेले नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत होते. वाचनालयाला दिलेले नाव प्रत्येक पुस्तकावरच्या शिक्क्यात उमटत राहते, म्हणून मला ही दुसरी रीत अधिक पसंत आहे. दक्षिण महाराष्ट्रात तिसरीही एक रीत आहे, ती सहकारी संस्थांना हुतात्म्यांची नावे देण्याची. मुदाळची सूतगिरणी आलीच. शेजारच्या सांगली जिल्ह्यात वाळव्याचा साखर कारखाना हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने चालतो. तिथले शेतकरी ‘हुतात्म्याला ऊस घातला’ असे सहज बोलतात. बाहेरच्याला ते विचित्र वाटेल, पण ज्याच्या नावावर दर पंधरवड्याला बिल निघते त्याला विसरणे अवघड असते.

मुरगुडात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा भेटला. त्याला हल्ल्याची तारीख, सातही नावे, प्रजा परिषदेचे स्थापनावर्ष असे सगळे तोंडपाठ होते. जिल्ह्याच्या इतिहासावर प्रश्न येतो म्हणाला. मी त्याला विचारले की गोळीबाराचा हुकूम कोणाचा होता. तो थोडा थांबला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मॅडम, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.’ भावोजींनी मान डोलावली. चाळीस वर्षे इतिहास शिकवूनही हा प्रश्न त्यांना वर्गात एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, असे ते पुढे बसमध्ये म्हणाले.

दुपारी चिकोत्रा नदीकाठच्या सेनापती कापशीला पोहोचलो. कापशी चपलांमुळे गावाचे नाव बाजारात आहे आणि सेनापती घोरपड्यांच्या गादीमुळे इतिहासात. करवीरय्या स्वामी याच गावचे. इथे माझ्या मनात एक तुलना आली आणि ती अजून गेलेली नाही. संताजी घोरपडे यांचा १६९७ साली खून झाला. तो राजकीय खूनच होता : दरबारातले तट, सेनापतिपदाचा वाद, धनाजी जाधवांशी आलेले वितुष्ट आणि शेवटी नागोजी माने याने साधलेला दावा. सव्वातीनशे वर्षे झाली, तरी मराठी शाळेतले पोरही ते नाव सांगते. बखरकारांनी ते लिहून ठेवले, कीर्तनकारांनी आणि शाहिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पोहोचवले. त्याच कापशीतला माणूस १९४२ साली, छापखाने, वर्तमानपत्रे, पंचनामे, फौजदारी दप्तर हे सगळे असलेल्या काळात मारला गेला, आणि त्याला मारणाऱ्याचे नाव गावात कोणाला ठाऊक नाही. बखरीत पक्षपात असतो हे मान्य. पण ‘मेला’ एवढ्यावर बखर थांबत नाही.

गावातल्या एका वयस्कर गृहस्थांना हे बोलून दाखवले तर ते म्हणाले, ‘नाव कळून काय करणार? त्याचीबी नातवंडं आपल्यातच असतील.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. भावोजींनी कापशी चपलांचा एक जोड घेतला आणि आम्ही मुरगूडमार्गे परतलो.

सोमवार : सागरमाळ

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतत असताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर सागरमाळ परिसरात, घराजवळच, मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या. पानसरे २० फेब्रुवारीला मुंबईत वारले. ते मूळचे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कोल्हारचे. शिकायला म्हणून कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. वकिली केली, असंघटित कामगारांच्या संघटना बांधल्या, शिवाजी महाराज रयतेचे राजे कसे होते हे सांगणारी पुस्तिका लिहिली आणि अखेरच्या काळात शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात ८० वर्षांचे असूनही रस्त्यावर उभे राहिले. आज त्याच सागरमाळ भागात त्यांचे स्मारक आहे.

आम्ही सकाळी लवकर गेलो, कारण ती जागा त्याच वेळी पाहायला हवी होती. हे सगळे नोकरदार, मध्यमवर्गीय वस्तीतले रस्ते. बंगल्यांना कुंपणे, कुंपणांवर जास्वंद, दूधवाल्यांच्या फेऱ्या, कानटोपी घातलेले ज्येष्ठ नागरिक. गारगोटीला हल्ला करणारे आणि मारले जाणारे एकाच बाजूचे होते, त्यांना धोका ठाऊक होता आणि तो त्यांनी पत्करला होता. इथे एक म्हातारा माणूस बायकोबरोबर चालत होता. म्हणून या स्मारकाकडे पाहताना मला शिल्पापेक्षा स्मारक आणि घर यांमधले थोडेसे अंतर अधिक बोलके वाटले. भावोजींच्या पराक्रमाच्या कसोटीवर हे स्मारक बसत नाही, आणि तरी ते इथे असावे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, ‘बोलत राहणे हाही पराक्रमच आहे.’ हा मुद्दा मी मान्य केला. १९४८ चा मात्र सोडला नाही.

हत्येनंतर कोल्हापुरातल्या कार्यकर्त्यांनी दर महिन्याच्या २० तारखेला ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, तेही सकाळी फिरताना, खून झाला होता. तिथे दर २० तारखेला माणसे जमत असत, त्यात मीही काही वेळा उभी राहिले आहे. ‘आम्ही सारे दाभोलकर, आम्ही सारे पानसरे’ ही घोषणा तेव्हाची. दोन्हीकडे मागणी एकच होती आणि ती नेमकी तीच, जी गारगोटीच्या स्तंभापुढे कधी झाली नाही : मारणारे कोण आणि त्यांना पाठवणारे कोण, ते सांगा. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले; सूत्रधारांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. पानसरे खटल्यात तपास आधी विशेष पथकाकडे आणि मग दहशतवादविरोधी पथकाकडे गेला, २०२३ च्या जानेवारीत कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात आरोपनिश्चिती झाली, आणि मी हे लिहीत असताना निकाल माझ्यासमोर नाही. न्यायालयाने जे म्हटले नाही ते दगडावर कोरता येत नाही, हे भावोजींचे म्हणणे मला इथे पटले. स्मारकाला कायद्याच्या पुढे धावता येत नाही. पण मग कायद्याचे काम पूर्ण होईल तेव्हा स्मारकावर एक ओळ वाढवण्यासाठी जागा ठेवलेली बरी, असे मी सुचवले आणि त्यावर त्यांनी ‘बजेट कोण देणार’ असे अस्सल कोल्हापुरी उत्तर दिले.

घरी परतल्यावर त्यांनी जुनी वही काढली. कोल्हापूर संस्थानचे जुने दप्तर शहरातल्या पुरालेखागारात ठेवलेले आहे. १९४२-४३ सालची पोलीस खात्याची दप्तरे त्यात असतील तर गारगोटीच्या पहाऱ्यावर त्या रात्री कोण होते, हुकूम कोणाचा होता आणि नंतर चौकशी झाली का, हे पाहता येईल. त्यांनी वहीत प्रश्न लिहिले, त्याखाली कापशीच्या त्या गृहस्थांचे नातवंडांविषयीचे वाक्यही लिहिले. मोडी वाचणारा एक माजी सहकारी त्यांच्या माहितीतला आहे. त्याला घेऊन ते याच आठवड्यात अर्ज करायला जाणार आहेत. मी दुपारची पुण्याची गाडी धरली.